दगडाचा दोष कीं जोडणीचा?

ग्रंथांच्या परीक्षणासाठीं राखून ठेवलेल्या या पानांवर आम्ही आज घरांचा विषय घेत आहों, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ग्रंथ जसा कोणाच्या तरी बुद्धीनें रचिलेला असतो, तसेंच घरहि असतें. आणि त्याचे गुणदोष पाहण्यास तितकीच सावध दृष्टि लागते. आपल्याकडे वास्तूंविषयीं जें लिहिलें जातें तें बहुधा लेणीं, देवळें, किल्ले आणि राजवाडे यांपुरतेंच असतें. तीन खणांचें माळवद, त्याला मागाहून जोडलेली पत्र्याची पडवी, फुगलेली भिंत सांवरून धरण्याची एखाद्या गवंड्याची युक्ति, यांची चर्चा करणें कोणास आवश्यक वाटलें नाहीं. मराठवाड्यास ही उपेक्षा फार महाग पडली आहे. म्हणून लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतील लहान घरांच्या बांधणीचे, आणि त्यांतहि जुन्या घरांच्या डागडुजीचे, गुणदोष पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाचा आरंभ एका तारखेपासूनच करावा लागतो. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे, चार वाजण्यास कांहीं मिनिटें उरलीं असतांना, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती; गणपति बोळवून लोक उशिरां निजले होते. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील बावन्न गांवें जवळजवळ जमीनदोस्त झालीं. निरनिराळ्या नोंदींप्रमाणें आठ ते दहा हजार माणसें दगावलीं. धक्क्याचें मान सुमारें ६.२ होतें. शास्त्रज्ञांच्या हिशेबीं हा मध्यम धक्का. जपानसारख्या देशांत एवढ्या धक्क्यानें इतकीं माणसें मरत नाहींत. तेव्हां माणसें भूकंपानें मेलीं हें अर्धेंच खरें आहे. तीं आपापल्या घराखालीं सांपडून मेलीं. आमच्या इकडे भूकंप होत नाहीं, असा समज लोकांचाच नव्हे, तर नकाशे आंखणाऱ्या तज्ज्ञांचाहि होता. त्या वेळच्या नकाशांत हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक, पट्ट्यांत घातलेला होता. २००२ सालच्या फेरआंखणींत तो तिसऱ्या पट्ट्यांत आला.

या अनर्थानंतर लोकांनीं जो निकाल दिला तो सरळ होता: दगडानें घात केला. ज्यानें आपल्या हातांनीं दगड उपसून लेंकरें बाहेर काढलीं, त्यानें दगडाला शिव्या दिल्या तर त्याला कोण दोष देईल? परंतु जो निकाल दुःखाच्या भरांत दिला गेला, तोच पुढें तीस वर्षें शहाणपण म्हणून चालत राहिला, आणि सरकारी कचेरीपासून गांवच्या पारापर्यंत सर्वांनीं तो मान्य केला. आमच्या मतें हा निकाल चुकला आहे. आणि त्या चुकीमुळें मराठवाड्यांतलीं घरें जितकीं निर्धोक व्हावयास हवीं होतीं तितकीं झालीं नाहींत. हेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम जुनें घर कसें असे तें पाहूं. रस्त्याच्या अंगास क्वचितच खिडकी असलेली उंच दगडी भिंत. तींत एक दार. दारांतून आंत गेल्यावर ढाळज. पुढें मोकळा चौक. चौकाभोंवतीं ओसऱ्या व खोल्या. एका बाजूस गोठा. घराची मोजदाद फुटांनीं नव्हे, खणांनीं होई. लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलच, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, हें माळवद. उन्हाळ्यांत बाहेर पारा चाळिशीपलीकडे गेला तरी आंत गारवा राही. माळवदावर धान्य वाळे, रात्रीं माणसें निजत, आणि एका माळवदावरून दुसऱ्यावर शेजारणींचें जाणें-येणें चाले. कोनाड्यांत आणि दिवळ्यांत संसार मावे. बळदांत वर्षाचें धान्य राही. हीं घरें अडाण्यांनीं बांधिलीं असें ज्यांस वाटतें, त्यांनीं वैशाखांतली एक दुपार पत्र्याच्या खोलींत काढून पहावी.

परंतु गुण सांगून दोष झांकणें हें परीक्षकाचें काम नव्हे. या घराचा पहिला दोष त्याच्या भिंतींत होता. दोन-तीन फूट जाडीची ती भिंत बाहेरून एकसंध दिसे. वास्तविक त्या दोन भिंती असत, एक बाहेरच्या तोंडाची व एक आंतल्या तोंडाची. दोहोंच्या मधल्या पोकळींत बारीक दगड आणि माती भरलेली असे. दोन्ही तोंडांस एकत्र बांधणारा, भिंतीच्या जाडींतून आरपार जाणारा दगड बहुधा नसेच. जोंवर भार सरळ खालीं येत होता, तोंवर हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. धरणी आडवी हलली, तेव्हां बाहेरचें तोंड बाहेर पडलें, आंतलें तोंड निजलेल्या माणसांवर पडलें, आणि मधली माती त्यांच्या नाकातोंडांत गेली. कोपऱ्यांतहि तीच गत. दोन भिंती एकमेकींस टेकून उभ्या असत, एकमेकींत गुंतलेल्या नसत.

दुसरा दोष छपराचा. पावसाळ्यापूर्वीं माळवद गळूं नये म्हणून नवी माती घालण्याची रीत होती. जुनी माती उपसून काढण्याची तसदी क्वचितच घेतली जाई. आज्यानें घातलेल्या थरावर बापाचा, आणि बापाच्या थरावर मुलाचा थर चढे. अशा रीतीनें अर्धा मीटर जाड झालेल्या माळवदाचा हिशेब केला, तर दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीवर सुमारें सात टन माती येते. घर जितकें जड, तितका भूकंपाचा हिसका त्याला अधिक बसतो. तिसरा दोष लांकडी सांगाड्याचा. खांब-तुळयांचा हा सांगाडा पुष्कळ ठिकाणीं भिंती पडल्यावरहि उभा राहिला आणि त्यानें जीव वाचविले. हें लांकडाच्या पदरीं श्रेय आहे. परंतु खांब आणि तुळई यांच्या कोनांत तिरपा आधार नसल्यामुळें कित्येक घरांत तो एका अंगास कलला, आणि वरची माती त्याच्यासह खालीं आली.

आतां या तिन्ही दोषांत दगड म्हणून दगडाचा अपराध कोणता? सुटीं राहिलेलीं तोंडें, सुटे राहिलेले कोपरे, आधार नसलेला सांधा आणि छपरावर सांचलेलें ओझें, हे दोष जोडणीचे आणि भाराचे आहेत. हें केवळ आमचें मत नव्हे. भारतीय मानक ब्यूरोनें १९९३ सालींच अशा कमी बळाच्या बांधकामासाठीं १३८२८ क्रमांकाचें मानक काढलें. त्यांत दगडी भिंतीस बंदी नाहीं. तिला शिस्त लावलेली आहे. भिंत ४५ सेंटिमीटरांहून जाड नसावी. उंचींत दर ६० सेंटिमीटरांवर आणि लांबींत दर १.२ मीटरांवर एक आरपार दगड, तो न मिळाल्यास काँक्रीटचा किंवा लांकडाचा तुकडा, घालावा. आणि दारांच्या माथ्याशीं घराभोंवतीं अखंड पट्टा फिरवावा. जाड भिंत म्हणजे बळकट भिंत, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत या चार ओळींत खोटी ठरली आहे.

भूकंपानंतर सरकारनें जागतिक बँकेच्या साहाय्यानें जो पुनर्वसनाचा कार्यक्रम हातीं घेतला, त्याचीं दोन अंगें आमच्या विषयास लागू आहेत. पहिलें अंग, उद्ध्वस्त गांवें नव्या जागीं वसविण्याचें. वर्तमानपत्रांत, छायाचित्रांत आणि उद्‌घाटनांत हेंच अधिक दिसलें. देशभरांतून देणगीदार धांवून आले, त्यांच्या औदार्याविषयीं कृतज्ञतेशिवाय दुसरा शब्द नाहीं. घरें भूकंपास टिकतील अशीं झालीं, हें त्यांचें मोठें यश. परंतु घर म्हणून त्यांचें परीक्षण केलें तर मन तितकें प्रसन्न होत नाहीं. घराचें क्षेत्र कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलें. सर्वांत लहान घर २५० चौरस फुटांचें, सर्वांत मोठें ७५० चौरस फुटांचें. ज्याला जमीन नाहीं त्याला जागा कमी लागते, असा या हिशेबाचा अर्थ होतो. माणसांची संख्या, गोठा, धान्य, औत-अवजारें, चुलीचा धूर, यांपैकीं कशालाहि त्यांत मोजमाप नव्हतें. बहुतेक गांवें सरळ रेघांनीं आंखलीं गेलीं. रुंद रस्त्यांच्या दुतर्फा एकसारख्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. चौक गेला, ढाळज गेली, भावकीचीं घरें पांगलीं. रस्ते रुंद झाले खरे, पण बाईला दार उघडतांच रस्ता लागूं लागला.

किल्लारीच्या परिसरांतील गुबाळ येथें तर घुमटाच्या आकाराचीं घरें बांधण्यांत आलीं. घुमट भूकंपास चांगला टिकतो, यांत शंका नाहीं. पण गोल भिंतीला फळी कशी ठोकावी, पेटी कोठें टेकवावी, धान्य कोठें वाळवावें, आणि मुलाचें लग्न झाल्यावर त्याची खोली कोणत्या बाजूस काढावी? मराठवाड्यांतील घर एकदां बांधून संपत नाहीं, तें कुटुंबाबरोबर वाढतें. जें घर वाढूं देत नाहीं, त्यांत राहणारा शेवटीं त्याच्या बाजूस कांहींतरी उभें करतोच. आणि तें उभें करतांना त्याच्या मदतीस कोणी तज्ज्ञ नसतो. याच्या उलट उदाहरणहि सांगितलें पाहिजे. मल्याळ मनोरमा या वृत्तपत्राच्या साहाय्यानें वसलेल्या बाणेगांवची रचना वास्तुशिल्पी बेन्नी कुरियाकोस यांनीं केली. तेथें गांवकऱ्यांस विचारून, लहान लहान मोकळ्या जागांभोंवतीं घरांचे पुंजके मांडले गेले. म्हणजे पैसा आणि घाई असतांनाहि माणसांस विचारण्याइतका वेळ काढतां येतो, हें तेथें सिद्ध झालें. अभ्यासकांपैकीं रोहित जिज्ञासू यांनीं २००२ सालच्या आपल्या प्रबंधांत याच प्रदेशाचा आणि नेपाळचा अभ्यास करून स्थानिक ज्ञानाचा प्रश्न ऐरणीवर आणला आहे. ज्यांस या विषयांत खोल जावयाचें आहे त्यांनीं तो अवश्य पहावा.

कार्यक्रमाचें दुसरें अंग, म्हणजे न पडलेलीं पण तडकलेलीं घरें जागच्या जागीं दुरुस्त करून बळकट करण्याचें. याचें क्षेत्र सुमारें दोन लक्ष घरांचें, म्हणजे पहिल्या अंगाहून कितीतरी मोठें. आमच्या मतें या सर्व काळांतली खरी बुद्धिमान वास्तुरचना येथें आहे, आणि तिच्याविषयींच सर्वांत कमी लिहिलें गेलें. तिची रीत साधी होती. भिंतींतला एखादा दगड हलक्या हातानें काढावयाचा, तेथून दुसऱ्या तोंडापर्यंत भोंक पाडावयाचें, त्यांत दोन्ही टोकांस वांकविलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरावयाचें. झाला आरपार दगड तयार. भिंतीच्या माथ्याशीं आंतून-बाहेरून तारेची जाळी ठोकून तीवर सिमेंटचा गिलावा चढवावयाचा आणि तो पट्टा घराभोंवतीं अखंड फिरवावयाचा. माळवदावरची जास्तीची माती उतरवावयाची. खांब-तुळईच्या कोनांत तिरपे आधार ठोकावयाचे. अभियंते राजेंद्र देसाई आणि वास्तुशिल्पी रूपल देसाई यांनीं या भागांत अशा दुरुस्तीचीं प्रात्यक्षिकें केलीं, आणि २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेंत तेंच काम पुढें चालविलें. या रीतींत घर मोडत नाहीं, चौक जात नाहीं, गारवा जात नाहीं. गवंडी गांवचाच असतो. दोष जेथें आहे तेथेंच हात घातला जातो, आणि जें चांगलें आहे त्याला धक्का लागत नाहीं. चांगला संपादक हस्तलिखितावर जें करतो तेंच हें.

मग ही रीत सर्वत्र रुजली कां नाहीं? याचें उत्तर पुन्हा त्याच लोकनिकालांत आहे. पुष्कळ कुटुंबांनीं दुरुस्तीचें अनुदान जुन्या घराच्या बळकटीस न लावतां अंगणांत विटा-काँक्रीटची एक नवी खोली बांधण्यास लावलें. दगडावरचा विश्वास उडाला होता. काँक्रीट दिसलें कीं जीव थंड होई. परंतु एका खोलींत संसार मावत नाहीं. भीति नवी होती तोंवर माणसें त्या खोलींत निजलीं. पुढें उन्हाळे आले, भीति ओसरली, आणि तीं पुन्हा जुन्या माळवदाखालीं आलीं. त्या जुन्या भिंतींत मात्र एकहि आरपार दगड बसलेला नव्हता. पैसा खर्च झाला, घर वाढलें, आणि धोका होता तेथेंच राहिला. येथें दोष केवळ लोकांचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नवी खोली डोळ्यांना दिसते, भिंतींत गाडलेला काँक्रीटचा तुकडा दिसत नाहीं. जें दिसत नाहीं त्याचें महत्त्व पटवून देणारें माणूस दारीं यावें लागतें. तें काम जेथें झालें तेथें स्त्रियांनीं केलें, हें नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनें हजारावर गांवांतून ‘संवाद सहायक’ म्हणून बायका उभ्या केल्या. अनुदानाचे नियम, सिमेंटचा हिशेब आणि बळकटीची रीत त्या शिकल्या, आणि त्यांनीं तीं घरोघर समजावून सांगितलीं. घराची उस्तवार, सारवण आणि शाकारणी पिढ्यान्‌पिढ्या जिच्याकडे, तिला घराच्या बांधणींत मत विचारण्यास मात्र भूकंप व्हावा लागला.

आतां नांदेडकडे वळूं. किल्लारी तेथून दूर असली तरी हा प्रश्न नांदेडकरांस परका नाहीं. २००७ सालापासून कांहीं वर्षें नांदेड शहरास बारीक धक्क्यांची मालिका जाणवली. जमिनींतून आवाज येत आणि लोक रात्रीं रस्त्यावर येऊन बसत. २०२४ च्या मार्चमध्यें आणि पुन्हा जुलैमध्यें शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ मानाचे धक्के झाले, ते नांदेडासहि बसले. किल्लारीसहि १९९२ सालीं असेच लहान धक्के जाणवले होते. या दोहोंची सांगड घालून भाकित करण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण एवढें खरें, कीं ज्या गांवीं जमीन अधूनमधून आठवण देते, त्या गांवानें आपल्या भिंती तपासून पहाव्या.

तेथें मोठ्या वास्तूंची निगा होते. महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्यानें १८३२ ते १८३७ या काळांत उभारलेलें सचखंड श्री हजूर साहिब आज डौलानें उभें आहे, आणि २००८ सालच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें शहराचेंहि रूप पालटलें. परंतु जुन्या वस्तींतल्या लहान घरांचें काय होतें तें पाहण्यासारखें आहे. रस्ता रुंद होतो तेव्हां ज्या घराची दर्शनी बाजू कापली जाते, त्याच्या आडव्या भिंतींचीं टोकें उघडीं पडतात. मालक त्यांना लागून विटांची नवी भिंत उभी करतो आणि वर गिलावा करतो. नव्या-जुन्याचा सांधा गिलाव्याखालीं झांकला जातो, जोडला जात नाहीं. दुसऱ्या घरीं माळवद काढून त्याच मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकतात. जुना भार गेला म्हणून मालक निश्चिंत असतो. पण न बांधलेल्या दुहेरी भिंतीवर तसाच जड आणि अधिक ताठ भार पुन्हा आला, हें त्याला कोणी सांगत नाहीं. तिसऱ्या घरीं पत्रा चढतो आणि वाऱ्यानें उडूं नये म्हणून त्यावर धोंडे ठेवले जातात. लातुरांत आणि नांदेडांत, तालुक्याच्या गांवीं आणि खेड्यांत, हेच तीन प्रकार पुनःपुन्हा आढळतात. तिन्हींना ‘पक्कें घर’ म्हणण्याचा प्रघात आहे.

येथें एक आक्षेप येईल. दगड-मातीचीं घरें तशींहि नाहींशीं होत आहेत. पांढरी माती काढणारे, किलच बसविणारे कारागीर उरले नाहींत. मग मेलेल्या घराची चिकित्सा कशाला? याला आमचीं दोन उत्तरें आहेत. एक, या घरांत आजहि जे राहतात ते बहुधा नवें बांधूं न शकणारे आहेत. सरकारी घरकुल मिळालें तरी २०१६ पासून ग्रामीण योजनेंत त्याचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट आहे. किल्लारीनंतरच्या सर्वांत लहान घराहून तें फारसें मोठें नाहीं. त्यामुळें कुटुंबाचा अर्धा संसार शेजारच्या जुन्या घरांतच राहतो, आणि तें जुनें घर बळकट करणें हें जीव वाचविण्याचेंच काम ठरतें. दुसरें, जोडणीचा नियम काँक्रीटलाहि सुटत नाहीं. विटांच्या भिंतीला पट्टा नसेल, खांब-तुळईच्या सांध्यांत कड्या पुरेशा नसतील, खालीं दुकानें काढण्यासाठीं भिंती काढून नुसते खांब ठेवले असतील, तर ती इमारतहि सुटीच. किल्लारीच्या भिंतीचा दोष आपण नीट ओळखला असता, तर हे नवे दोष आपल्या अंगणांत इतक्या सहज शिरले नसते. दगडाला दोषी ठरवून आपण एक सामग्री टाकून दिली आणि दुसरी घेतली. बांधण्याची खोड तीच ठेवली.

हें लिहितांना जुन्याचा मोह धरावा असा आमचा हेतु नाहीं. ज्याला नवें घर बांधावयाचें आहे त्यानें खुशाल बांधावें. परंतु कोणत्याहि लहान घराचें परीक्षण करतांना तीन प्रश्न विचारावे, असें आम्ही सुचवितों. भिंत भिंतीला आणि छप्पर भिंतीला धरून आहे काय? माथ्यावर नको तें ओझें आहे काय? आणि ज्यांच्यासाठीं तें बांधिलें त्यांच्या उन्हाळ्याला, गुराढोरांना, धान्याला आणि वाढत्या कुटुंबाला त्यांत जागा आहे काय? नव्या गांवांतल्या पुष्कळ घरांस पहिल्या दोन प्रश्नांत पूर्ण गुण मिळतात आणि तिसऱ्यांत ती मागें पडतात. जुनें माळवद तिसऱ्यांत पहिलें येतें आणि पहिल्या दोहोंत नापास होतें. बळकट केलेलें जुनें घर मात्र तिन्हींत उत्तीर्ण होतें, आणि तेंच सर्वांत थोडें बांधिलें गेलें.

या बळकटीची विद्या दुर्मिळ नाहीं, खर्चिक नाहीं, परदेशांतून आणावयाची नाहीं. तिचीं मानकें छापलेलीं आहेत, आणि ज्या गवंड्यांनीं व संवाद सहायक बायकांनीं ती १९९४ नंतर हातानें केली त्यांपैकीं कित्येक आज उतारवयांत आहेत. त्यांच्याकडून ती तालुक्या-तालुक्याच्या गवंड्यांच्या नव्या पिढीस मिळावी, आणि घर दुरुस्तीच्या प्रत्येक अनुदानांत खोलीच्या आधीं भिंतीचा विचार व्हावा, एवढीच आमची मागणी आहे. मराठवाड्यांतील वाचकांनीं निदान हें करावें: घरीं जाऊन आपल्या भिंतीची जाडी मोजावी, आणि तिच्या दोन तोंडांस बांधणारें आंत कांहीं आहे कीं नाहीं, हें एखाद्या जाणत्या गवंड्यास विचारून घ्यावें.